मुठीत साबण, पण फेस कुठून आणायचा?

दाढीच्या ब्रशची मूठ पोकळ करायची, तिच्यात साबणाचं मऊ मलम भरायचं, बुडाचा स्क्रू फिरवला की मलम थेट केसांच्या झुबक्यातून बाहेर यायचं. वाटी नको, साबणाची वडी नको. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कितीतरी जणांच्या डोक्यात आली आणि अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात ‘फाउंटन’ ब्रश या नावाने तिची अनेक रूपं नोंदली गेली. स्क्रूऐवजी दट्ट्या, दट्ट्याऐवजी रबरी फुगा, झाकणात झडप, नळीला भोकं, असे बदल होत राहिले. वस्तू काही रुळली नाही. जुन्या जिनसांचे शौकीन तिच्याकडे विक्षिप्त शोधकांची गंमत म्हणून पाहतात आणि ती मागे पडली याचं कारण तिच्या घडणीत शोधतात: गळायची, अडकायची, महाग पडायची. हे सगळं कमीअधिक खरं असेल, पण गळणारं पेन सुधारलं, अडकणारं घड्याळ सुधारलं. मग हा ब्रशच का सुधारला नाही? माझ्या मते यंत्र वाईट नव्हतं, चुकलं होतं ते गणित. दाढी करणाऱ्याची अडचण साबणाची होती असं हे शोधक धरून चालले. अडचण फेसाची होती, आणि साबण व फेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाढी न्हाव्याच्या हातून घरच्या आरशासमोर कशी आली, हे पाहिलं की तो फरक नीट उमगतो.

अठराव्या शतकात युरोपातल्या शहरी पुरुषाची दाढी हे न्हाव्याचं काम होतं. पॅरिसमधला चाकू-वस्तरे घडवणारा कारागीर झां-झाक पेरे याने १७७० च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पुस्तक लिहिलं आणि कातडीत खोल जाऊ नये म्हणून लाकडी आड बसवलेला वस्तराही सुचवला. त्याच्या शिकवणीचा प्रसार व्हायला मात्र शंभराहून अधिक वर्षं गेली. उघडा वस्तरा परजावा लागे, चामड्याच्या पट्ट्यावर रोज ओढावा लागे आणि स्वतःच्याच गळ्यावरून फिरवायला हात बसलेला लागे. अमेरिकी शहरांत मध्यमवर्गीय माणूस आठवड्यातून काही वेळा न्हाव्याच्या दुकानात जाई. तिथे फळीवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे चिनी मातीचे मग मांडलेले असत, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव आणि कधी धंद्याचं चित्रही असे. त्या थाटामागे भीतीही होती. एकाच मगात, एकाच ब्रशने सगळ्यांना फेस लावला तर दाढीच्या मुळांचा संसर्ग पसरतो, हे लोकांच्या ध्यानात आलं होतं. १८९७ मध्ये मिनेसोटा राज्याने न्हाव्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला, अमेरिकेतला असा तो पहिला. आपला साबण आपल्यापाशी असावा, दुसऱ्याच्या भांड्यात ब्रश बुडू नये, ही इच्छा त्या काळाच्या हवेतच होती. पोकळ मुठीचा ब्रश तिला दिलेलं एक उत्तर होता.

वस्तऱ्याची अडचण आधी सुटली. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये आड बसवलेल्या सुरक्षित वस्तऱ्याचं पेटंट घेतलं, पण त्याचं पातं परजावंच लागे. वापरून फेकायच्या पातळ पात्याची कल्पना किंग कँप जिलेटला १८९५ मध्ये सुचली. इतकं पातळ पोलाद कडक करून त्याला धार लावणं अशक्य, असं जाणकार सांगत असताना विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवलं. १९०३ मध्ये जिलेटच्या बॉस्टनमधल्या कंपनीचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली, आणि पुढच्याच वर्षी रेझरांचा खप ९० हजारांवर गेला. न्हाव्याच्या कसबाचा सर्वांत अवघड भाग म्हणजे धार. ती आता कागदी पुडीत मिळू लागली. दुसरा भाग मात्र जिथल्या तिथे राहिला. पाणी तापवायचं, मग काढायचा, ब्रश भिजवायचा, साबणावर घोळवायचा, फेस घोटायचा, तो जिरेपर्यंत थांबायचं. पातं बदलायला मिनिटही लागत नसे, या तयारीला पाच-दहा मिनिटं सहज जात. जिलेटच्या यशाने ही तयारी उघडी पाडली. जी घाई रेझरमध्ये साधली ती साबणातही साधू, असं पुष्कळांना वाटू लागलं.

साबणवाल्यांनी आपापल्या परीने वाट काढली. कनेक्टिकटमधल्या ग्लॅस्टनबरीची जे. बी. विल्यम्स कंपनी दाढीच्या साबणाची कांडी विकत होती. ओल्या गालावर ती चोळायची आणि ब्रशने तिथेच फेस उठवायचा. कोलगेटने दाढीचा साबण कांडी, पूड आणि क्रीम अशा तीन रूपांत पुढे केला. क्रीम आलं ते पिळायच्या धातूच्या नळीतून. ही नळी जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये तैलरंगांसाठी पेटंट केलेली; १८९० च्या दशकात ती टूथपेस्टला मिळाली आणि तिथून दाढीच्या क्रीमला. या नळीने पोकळ मुठीच्या ब्रशचा अर्धा दावा परस्पर खोडून काढला. मग लागत नव्हता, साबण ज्याचा त्याच्यापाशी होता, प्रवासात सांडत नव्हता आणि संपला की नळी फेकून द्यायची होती. मूठ मात्र फेकता येत नसे. ती पुन्हा भरावी लागे, भरताना हात बरबटत, आणि आतली नळी धुतली नाही तर तिच्या तोंडाशी साबण सुकून बूच बसे. जिलेटने टिकणारी वस्तू वेगळी ठेवली होती आणि संपणारी वेगळी. या ब्रशने दोन्ही एकाच कातडीत कोंबल्या.

यावर कुणी विचारील, पेनाचं काय? शाई संपणारी, पेन टिकणारं. तरीही दोन्ही एकत्र आलं आणि १८८४ मध्ये लुइस वॉटरमनने पेटंट घेतल्यावर काही वर्षांतच दौत-टाक मागे पडू लागले. ब्रशच्या शोधकांपुढे हाच आदर्श होता आणि तुलना वरवर चोख दिसते. फरक आतल्या जिनसाचा आहे. शाई टाकीत असते तशीच कागदावर उतरते, तिचं काही बनवायचं नसतं. दाढीचा साबण टाकीतून गालावर आला तरी काम सुरूच झालेलं नसतं. दाढीचा केस मऊ होतो तो पाण्याने, त्यातही गरम पाण्याने आणि काही वेळ दिल्यावर. साबण केसावरचा तेलकट थर काढतो, पाणी केसाशी धरून ठेवतो आणि पात्याला घसरण देतो. त्यासाठी तो पाण्यात आणि हवेत मिसळून बारीक बुडबुड्यांचा घट्ट थर व्हावा लागतो. दाढीच्या साबणात पोटॅशची मात्रा जास्त आणि स्टिअरिक आम्ल भरपूर ठेवतात, ते असा फेस उठावा आणि टिकावा म्हणूनच. साबण पोचवण्यापेक्षा ब्रशचं खरं काम हे घोटण्याचं आहे: केसांच्या दाट झुबक्यात पाणी धरायचं आणि हवा कालवायची. झुबक्याच्या मधोमध नळी घातली की पाणी जिथे सर्वांत जास्त मुरतं तीच जागा रिकामी होते. म्हणजे साबण पोचवण्याची सोय करताना फेस करण्याची ताकद घटली. शिवाय पाणी बाहेरूनच आणायचं, ते बाहेरच तापवायचं, आणि घोटायचं तर हातानेच. वाचला तो एकच टप्पा, साबण घेण्याचा, आणि तो सगळ्यांत छोटा होता.

मग एक वेगळा आक्षेप उरतो, आणि तो जास्त वजनदार आहे. पोकळ मुठीचा ब्रश फसला, कारण त्याच सुमारास दाढीचा ब्रशच बदनाम झाला, असं म्हणता येईल. ही हकीकत खरी आहे आणि ती सविस्तर सांगायला हवी. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रशच्या केसांचा व्यापार ठरलेल्या वाटेने चाले. सायबेरिया, मंचुरिया, चीन इथून घोड्याचे आणि डुकराचे केस युरोपात येत, त्यातला बराच माल जर्मनी आणि फ्रान्समध्ये धुतला, उकळला, निवडला जाई आणि मगच कारखान्यांत पोचे. बिज्जूचे केस सर्वांत उंची. तेही पूर्वेकडूनच येत. युद्धाने ही वाट तोडली. माल पॅसिफिक ओलांडून, जपानमार्गे किंवा थेट अमेरिकी बंदरांत उतरू लागला आणि मधली शुद्धीची पायरी गळाली. नेमकी त्याच वेळी मागणी फुगली. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रजवळ विषारी वायूचा पहिला मोठा हल्ला झाला. पुढे सैनिकाच्या तोंडावर मुखवटा आला आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायचा तर गाल-हनुवटी साफ हवी. ऑक्टोबर १९१६ मध्ये तर ब्रिटिश सैन्यातला मिशांच्या सक्तीचा जुना नियमही रद्द झाला. अमेरिका युद्धात उतरल्यावर सरकारने एकट्या जिलेटकडून सुमारे ३५ लाख रेझर घेतले. प्रत्येक रेझरमागे एक ब्रश लागणारच. इतके बिज्जू कुठून आणायचे? घोड्याचे केस रंगवून बिज्जूसारखे दिसणारे ब्रश स्वस्तात तयार झाले आणि पोत्यांनी छावण्यांत गेले.

त्यातल्या काही केसांत अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. गुराढोरांच्या या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८७६ मध्येच दाखवून दिला होता, आणि लोकर, कातडी, केस हाताळणाऱ्या मजुरांना तो होतो हे यॉर्कशायरच्या गिरण्यांना अनुभवाने माहीत होतं. त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं कोरडे पडून राहतात. कोमट पाणी आणि साबण यांनी ते मरत नाहीत. दाढी करताना कातडीला बारीक ओरखडे पडतात, आणि नवा ब्रश त्याच कातडीवर घासला जातो. सैनिकाच्या गालावर किंवा मानेवर पुटकुळी उठे, तिच्यावर काळी खपली धरे, आसपासचा भाग सुजे, ताप चढे; प्रतिजैविकं अजून यायची होती. ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिक व नागरिक मिळून अशी २०० हून जास्त प्रकरणं त्या वर्षांत दाढीच्या ब्रशशी जोडली गेली. डॉक्टरांनी रुग्णांचे आणि दुकानांतले न वापरलेले ब्रश तपासले, तेव्हा त्यांतूनही जंतू मिळाले. ब्रश फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवा, असे आदेश सैन्यात निघाले. ब्रिटनने १९१९ मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि १९२० मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. भीती युद्धानंतरही ओसरली नाही: न्यूयॉर्कचे माजी काँग्रेस सदस्य मायकल फार्ली ऑक्टोबर १९२१ मध्ये याच रोगाने गेले, आणि संसर्ग दाढीच्या ब्रशमधून झाल्याचं निष्पन्न झालं.

इतकं होऊनही ब्रश संपला नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं. कारखानदारांनी केस निर्जंतुक केल्याची ग्वाही द्यायला सुरुवात केली. झुबका रबरात पक्का बसवलेले, केस न गळणारे ब्रश न्यूअर्कची रबरसेट कंपनी आधीपासून विकत होतीच. निर्बंध आणि तपासण्या वाढल्या तशी प्रकरणं विरळ झाली आणि १९३० नंतर अमेरिकेत असा रुग्ण जवळजवळ ऐकू आला नाही. ब्रश हवा होता म्हणूनच तो दुरुस्त करण्याची धडपड झाली. साथीने एक वेगळं काम मात्र केलं: ब्रशशिवाय दाढी होऊ शकेल का, हा प्रश्न लोकांच्या तोंडी आणला. पोकळ मुठीच्या ब्रशला त्याचा फटका दुहेरी बसला असावा, असा माझा तर्क आहे. साधा ब्रश उकळत्या पाण्यात घालता येतो. ज्याच्या पोटात नळी, झडप आणि जुना साबण आहे तो आतून स्वच्छ आहे याची खात्री कोण देणार? स्वच्छतेच्या नावाने निघालेली वस्तू स्वच्छतेच्याच परीक्षेत संशयास्पद ठरली. तरीही हा घाव वरचा. मूळ दुखणं फेसाचंच होतं, हे पुढच्या तीस वर्षांत दिसून येतं.

१९१९ मध्ये इंडियानापोलिसला फ्रँक शील्ड्स याने बार्बासोल काढलं. शील्ड्स पूर्वी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवत असे. त्याच्या मलमाला फेस नव्हताच. बोटांनी चोळायचं आणि रेझर फिरवायचा. १९२५ मध्ये मिनेसोटाच्या ओडेल कुटुंबाने बर्मा-शेव्ह आणलं आणि हमरस्त्यांच्या कडेला ओळीने लावलेल्या छोट्या पाट्यांवर एकेक ओळ टाकत यमकं जुळवली. गाडीचा वेग जसा वाढेल तशी कविता भराभर वाचली जाई. १९६३ पर्यंत अमेरिकेच्या रस्त्यांनी या पाट्या सोसल्या. ही मलमं ब्रश सुधारण्याच्या भानगडीत पडलीच नाहीत, त्यांनी फेसाची पायरीच उडवली. किंमत मात्र मोजावी लागली: फेस नाही म्हणजे पाणी केसाशी कमी टिकतं, म्हणून आधी चेहरा नीट भिजवा, असं डब्यावर बजावावं लागे. राठ दाढीवाले आणि जुन्या वळणाचे लोक ब्रशला चिकटून राहिले. म्हणजे वेळ वाचवणारा फेसरहित राहिला, आणि फेस हवा त्याला वेळ मोजावा लागला.

ही कोंडी फुटली ती डासांमुळे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. १९४१ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातल्या लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांनी द्रवरूप वायूच्या दाबाने कीटकनाशक फवारणारा डबा बनवला आणि पॅसिफिकच्या रणांगणात हिवतापाच्या डासांविरुद्ध तो गेला. युद्ध संपल्यावर रॉबर्ट ॲबप्लॅनाल्पच्या झडपेने असे डबे स्वस्त केले. १९५० च्या सुमारास कार्टर प्रॉडक्ट्सने ‘राइज’ नावाने दाढीचा साबण अशा डब्यात भरला. डब्यात साबणाचं पातळ द्रावण असतं, म्हणजे पाणी आधीच आलं. सोबत दाबाखालचा वायू असतो, म्हणजे हवेची जागाही भरली. झडप दाबली की वायू फुगतो आणि हातात तयार फेस पडतो. फाउंटन ब्रशच्या शोधकांनी पन्नास वर्षं मुठीत साबण कोंबला. कोंबायला हवा होता तो घोटण्याचा खटाटोप. तो डब्याने पेलला आणि काही वर्षांत अमेरिकेत ब्रश बाथरूमच्या फळीवरून उतरू लागला.

त्या विजयातही एक खोच आहे. १९५९ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने ‘रॅपिड शेव्ह’च्या टीव्ही जाहिरातीत सँडपेपरला फेस लावून एका फटक्यात त्याची ‘दाढी’ करून दाखवली. पडद्यावरचा सँडपेपर म्हणजे वाळू चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची पाटी होती. खरा सँडपेपर घासता येतो, पण तो आधी तासाहून अधिक, सुमारे ८० मिनिटं, भिजवावा लागतो. फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला खेचलं आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक ठरवली. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा खटला जाहिरातींसाठी आठवतो. मला त्यातलं ते ८० मिनिटांचं भिजणं जास्त बोलकं वाटतं. फेस डब्यातून येवो की ब्रशमधून, पाण्याला लागणारा वेळ चुकवता येत नाही.

मग आपल्याकडे ब्रश अजून कसा, असं महाराष्ट्रातला वाचक विचारणारच. सलूनपासून किराणा दुकानापर्यंत क्रीमची ट्यूब आणि प्लास्टिकच्या मुठीचा ब्रश ही जोडी आजही मिळते. गोदरेजची गोल वडी आणि वाटी यांच्यासोबत कित्येक घरांची पिढी गेली. ब्रश कालबाह्य झाला होता असा माझा दावा असता, तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. दावा तसा नाही. डब्याने विकत दिली ती घोटण्याची मेहनत, आणि ती मेहनत जिथे स्वस्त आहे किंवा न्हावी करून देतो, तिथे डब्याची जादा किंमत कोण मोजेल? बलुतेदारीतल्या न्हाव्याच्या धोपटीत तर वस्तरा, कात्री, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी असे. साबण न घेताच पाणी लावून बोटांनी गाल चोळचोळून दाढी मऊ करणारे कितीतरी होते. पाणी आणि वेळ ही दोनच साधनं त्यांनी वापरली आणि ती पुरली. तिथे मुठीतला साबण घेऊन कुणी गेला असता, तर त्याला गिऱ्हाईक मिळण्याचं कारण नव्हतं.

मुठीतून साबण सोडण्याचं यंत्र मात्र वाया गेलं नाही. अमेरिकी पेटंटांच्या वर्गवारीत लावण्याचा पदार्थ स्वतःतच बाळगणाऱ्या साधनांसाठी ४०१ क्रमांकाचा स्वतंत्र वर्ग केला गेला, आणि त्यातल्या एका जातीचं बस्तान चांगलंच बसलं आहे. भांडी घासायचा तो ब्रश पोकळ दांड्यात पातळ डिटर्जंट घेऊन सिंकवर लटकलेला असतो. डिटर्जंट पातळ असल्याने नळीत बूच बसत नाही, पाणी वरच्या नळातून हवं तेवढं येतं, आणि भांड्याला फेस घट्ट आहे की विरळ याच्याशी काही देणंघेणं नसतं.